काय म्हणतंय गाव

२५ फेब्रुवारी

झाला एकदाचा संप सुरू. सकाळी घंटा झाली, सगळे मास्तर-मास्तरणी फाटकापाशी उभे होते, आणि कुणीच आत गेलं नाही. मी तंदूर पेटवत होते. लेक एल्नुरा धावत आली – दप्तर पाठीवर, गाल लाल – "आपा, अगायांनी घंटेकडे पाठ फिरवली!" पोरीला मजा वाटतेय. मे महिन्यात विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा आहे, हे ती विसरली. मी नाही विसरले.

मास्तर म्हणून शाळेत अगाय, रस्त्यावर अगाय, लग्न झाल्यापासून घरातही अगायच. नवऱ्याचं नाव तोंडात घ्यायची सवय मला नाही. लेकही त्यांच्याच वर्गात, म्हणून तीही अगायच म्हणते. भौतिकशास्त्र शिकवतात. गणिताचा मास्तर मॉस्कोला बांधकामावर गेला, तेव्हापासून गणित. चित्रकलेची बाई बिश्केकला शिवणाच्या कारखान्यात गेली, तेव्हापासून चित्रकलासुद्धा! या माणसाला सफरचंद काढता येत नाही. म्हणून तर संप – जगण्यापुरता पगार द्या, नाहीतर शिकवायला कुणी उरणार नाही. आणि वर्गात शेगडीला कोळसा द्या.

संध्याकाळी चहा घेताना विचारलं त्यांनी – "काय म्हणतंय गाव?" मला नाहीतर कुणाला विचारणार? माझं नानचं दुकान मिनिबसच्या थांब्यापाशी. अख्खं गाव समोरून जातं, नान घेतं, बोलतं.

काय सांगणार होते? तोक्तोसून म्हातारबा, आमच्या गावचे सगळ्यात जुने आक्साकाल, पांढरी दाढी छातीपर्यंत, माझ्या फळीपाशी उभे राहून म्हणाले होते, "आमच्या वेळी मास्तर बर्फ तुडवत यायचा. आता पगारासाठी मुलं घरी बसवायची? लाज म्हणून राहिली नाही." आजूबाजूच्यांनी माना हलवल्या. मी नान मोजून दिले.

आणि घरी म्हटलं, "म्हातारबा म्हणत होते, अगाय होते म्हणून माझ्या नातवाला गुणाकार आला."

कुठून आलं तोंडात कोण जाणे. पण अगायांचा चेहरा असा खुलला की परत घ्यायचा धीर झाला नाही.

२६ फेब्रुवारी

बर्फ. मिनिबसवाला मायरम्बेक म्हणे, "मीही करतो संप. घाटात गाडी उभी करतो आणि म्हणतो, भाडं वाढवा, मग उतरतो खाली." सगळे हसले. मीही हसले – गिऱ्हाईक ना! नंतर स्वतःचाच राग आला.

घरी सांगितलं : मायरम्बेक म्हणतो, संपवाल्यांना नारीनच्या कचेरीत जायचं असेल तर गाडी माझी.

"मायरम्बेक?" अगाय म्हणाले. "आठवीत माझ्याकडेच दोनदा बसला होता." आणि बराच वेळ हसत राहिले. त्यांना हसताना पाहून किती दिवस झाले होते.

१ मार्च

आज फार वाईट झालं. कुणाला सांगू, म्हणून इथे.

कीदिराली खाटीक आला. रोज नान घेतो, गेली कित्येक वर्षं घेतोय. एक उचलला, हातात धरून बघितला, आणि परत ठेवला – पालथा. पलीकडच्या दुकानातून बिस्किटं घेतली आणि गेला.

नान कुणी पालथा ठेवत नाही. घरात भांडणं झाली, ताटं फुटली, तरी नान पालथा राहत नाही. कुणाच्या हातून चुकून झालाच तर तोच घाईने सरळ करतो. आणि याने माझ्या डोळ्यांत बघून केला. मी तो सरळ केला. मिनिबसमधले सगळे काचेतून बघत होते.

संध्याकाळी अगाय विचारणार, मी उत्तर देणार. मला आता सवयच लागली आहे. म्हटलं, "कीदिराली म्हणाला, संप लांबला तर मी मेंढी कापीन. अगायांच्या घरची चूल विझू देणार नाही."

अगाय माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असं म्हणाला?"

"अगदी असंच."

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझ्या कपाळी कधी बसतो ते बघायचं.

३ मार्च

गुलसून आली होती. औषधाचं दुकान तिचं, पालक समितीची अध्यक्षही तीच. नवरा मॉस्कोत. पोरगा आदिलेत एल्नुराच्या वर्गात.

माझ्या फळीपाशी आलेलं माणूस नान विकत घेवो न घेवो, तुकडा मोडून तोंडात घालतंच. ही काही माझी रीत नाही, सगळ्या मुलखाची. पुढ्यात नान आला की त्याला तोंड लावल्याशिवाय पाय उचलायचा नसतो. मी तुकडा पुढे केला. "नको," म्हणाली.

मला ती एजे म्हणते, थोरली बहीण मानून. मग हळूच म्हणाली, "आनारकान एजे, मास्तरांचं बरोबर असेल. मी नाही म्हणत नाही. पण आदिलेतचं हे वर्ष मला कोण परत देणार? त्याने परीक्षा दिली नाही, तर तोही बापामागे जाईल विटा उचलायला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर घरी जाऊन त्याचंही मी काहीतरी गोड केलं असतं. पण तिच्या बोलण्याचं काही करता येईना. कारण तेच माझ्याही पोटात आहे. एल्नुराचंही वर्ष तेच आहे. रात्रंदिवस तोच घोर. आणि अगायांचंही बरोबर आहे, ते मी रोज बघते. दोघांचंही बरोबर असेल तर माणसाने करायचं काय?

संध्याकाळी अगायांनी विचारलं, "गुलसून काय म्हणते?"

"दिसली नाही."

५ मार्च

आज कुणीच काही बोललं नाही. नान घेतले, पैसे ठेवले, गेले. हे जास्त वाईट.

८ मार्च

महिला दिन. दरवर्षी या दिवशी आमच्या मास्तरणींना हात कमी पडतात – ट्यूलिप, कार्डं, चॉकलेटची खोकी. मुलं घरच्यांच्या मागे लागून नारीनहून फुलं मागवतात.

आज पहिलीची बाई नान घ्यायला आली, हात रिकामे. तरी उभी राहून रस्त्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "थंडीत फुलं तरी कुठून येणार म्हणा." मिनिबसमधून फुलं उतरत होती. आयांसाठी, बहिणींसाठी. तिच्यासमोरच.

एल्नुराला म्हटलं, जा, घरातली कुंडी घेऊन जा तिच्याकडे. घेऊन गेली. कुंडीत कांद्याची पात होती. तरी बाई रडली म्हणे.

११ मार्च

जिल्ह्याच्या कचेरीतला माणूस फाटकापाशी आला होता. कोळशाचा ट्रक पाठवतो म्हणाला, उद्या वर्गात जा, पगाराचं मागाहून बघू. निम्मे मास्तर तयार झाले होते. मी तर तंदुरापाशी उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, घ्या, कोळसा घ्या, संपवा हे!

अगाय बोलायला उभे राहिले आणि सगळे थांबले. कुणी आत गेलं नाही.

घरी आले ते तरुणासारखे जिना चढले. "त्यांना सांगितलं मी, मागाहून म्हणजे कधीच नाही. आणि घाबरायचं काय? गाव आपल्या मागे आहे. म्हातारबा आहेत, मायरम्बेक आहे, कीदिरालीसारखा माणूस आहे."

मी कढई खाली ठेवली. म्हणजे माझ्या थापांच्या जिवावर शाळा बंद आहे! एक बाई चहा ओतताना चार गोड शब्द बोलते, आणि एवढी शिकली-सवरलेली माणसं त्यावर उभी राहतात. त्यांना बोचऱ्या वाऱ्यात मीच उभं केलं आहे.

एल्नुरा सगळं ऐकत होती. ते बाहेर गेल्यावर म्हणाली, "आपा, कीदिराली काका एवढं लांब बोलतो? मला तर नुसतं 'किती?' म्हणतो."

मी म्हटलं, अभ्यास कर.

१४ मार्च

१९ तारखेला सभा. क्लबच्या हॉलमध्ये, सगळ्या पालकांची. पालकांनी सह्या दिल्या तर संपवाल्यांना काढून जिल्ह्यातून दुसरे मास्तर आणणार. कागद गुलसूनकडे आहे.

पालकांच्या व्हॉट्सॲप गटात मी आहे – एल्नुराची आई म्हणून. अगाय नाहीत, त्यांचा फोन अजून बटणांचा. बायका विसरल्या आहेत की मीही वाचतेय. किंवा विसरल्या नाहीत. "पोरं गोठ्यात बसली आहेत." "माझा भाऊ खाणीत मरतो, तो करतो का संप?" "पण खरं सांगा, त्या पगारात तुम्ही शिकवाल का?" – यावर कुणीतरी नाचणाऱ्या बकऱ्याचं चित्र टाकलं आणि विषय बदलला.

१५ मार्च

सांगायचं ठरवलं होतं. जीभ उचलली नाही. तंदुरातले सगळे नान करपले.

१७ मार्च

अगाय सभेचा सदरा इस्त्री करत होते. मी करते म्हटलं, तर म्हणाले, राहू दे, हात कामात असला की डोकं चालतं. आता सांगावं, आत्ता, असं मी स्वतःला बजावत उंबऱ्यात उभी होते.

तेच म्हणाले, "परत सांग जरा. कीदिराली नेमकं काय म्हणाला होता?"

संधी समोर येऊन उभी होती. आणि मी काय केलं? म्हटलं, "मेंढी कापीन म्हणाला. मोठी."

मोठी! मेंढी मोठी करायची काय गरज होती मला?

"आणि म्हातारबा?" त्यांनी विचारलं. तेही सांगितलं. मग मायरम्बेकचं. प्रत्येक वेळी ते इस्त्री थांबवायचे आणि मान डोलवायचे, मुलाने धडा बरोबर म्हटल्यासारखी.

परवा हा माणूस सगळ्या गावासमोर उभा राहील आणि या लोकांकडे आशेने बघेल. कीदिराली जागेवरूनच म्हणेल, मी असलं काही बोललो नाही. लोक हसतील. नोकरी जाईल ती जाईल. पण लोक हसताना यांचा चेहरा कसा होईल, ते मला आत्तापासूनच दिसतं आहे. या माणसाने कधी कुणाला फळ्यावरचं चुकीचं उत्तर पुसल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही. आणि घरात मी!

१९ मार्च

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

हॉल गच्च. शेगडी पेटली नव्हती, सगळे कोट घालूनच बसले होते. पुढे जिल्ह्याचा माणूस, टेबलावर कागद आणि पेन. मी मागे दाराजवळ, म्हणजे पळायला बरं.

गुलसून बोलली. चांगलं बोलली, खोटं कशाला लिहू? कुणाला नावं ठेवली नाहीत. मुलांची परीक्षा, दहा वर्षांची मेहनत, परदेशी राबणारे बाप. बायका डोळे पुसत होत्या. मीही पुसले. टाळ्या झाल्या आणि दोघे-तिघे उठून टेबलाकडे निघालेसुद्धा.

तेव्हा अगाय उभे राहिले. इस्त्रीचा सदरा. त्यांनी पगाराचं नाव काढलं नाही, कोळशाचंही नाही. म्हणाले, मी फक्त आभार मानायला आलो आहे. सही करायची त्यांनी करावी, माझा राग नाही. पण संपात ज्यांनी आम्हाला शब्द दिला, त्यांचे आभार न मानता निघालो तर माणूस म्हणून मी नापास.

मी दाराच्या कडीवर हात ठेवला.

"तोक्तोसून बाबा, नातवाला गुणाकार आला हे तुम्ही लक्षात ठेवलंत. मला तेवढं पुरे." मग मायरम्बेककडे वळले, गाडीबद्दल आभार मानले. म्हणाले, तुला आठवीत दोनदा बसवलं, तरी तू मनात ठेवलं नाहीस. मग कीदिरालीकडे. तो भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. "आणि कीदिराली. तू म्हणालास, संप लांबला तर मोठी मेंढी कापीन, अगायांच्या घरची चूल विझू देणार नाही. मेंढीची वेळ येऊ नये. पण तुझा शब्द माझ्या घरात सगळ्यांनी ऐकला आहे."

मी कोटाची कॉलर दातात धरली होती.

म्हातारबा काठीवर रेलून वळले. बराच वेळ अगायांकडे बघितलं, मग खाटकाकडे. स्वतःबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "कीदिराली. असं म्हणालास तू?"

सगळ्या गावाच्या माना वळल्या. नाही म्हणायचं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं – आक्साकालांसमोर, भरल्या सभेत, कुणी तुमच्या चांगुलपणाचे आभार मानतंय आणि तुम्ही उठून सांगायचं की मी एवढा चांगला नाही! असं आमच्याकडे कुणी करत नाही. जीव गेला तरी नाही. कीदिरालीचे कान लाल झाले. त्याने टोपी काढली, परत घातली.

"म्हणालो असेन," तो पुटपुटला. मग जरा मोठ्याने, "म्हणालो. पण मोठी नव्हतो म्हणालो. मेंढी म्हणालो होतो."

कुणीतरी हसलं. मग सगळे. पण ते हसणं वेगळं होतं. मायरम्बेक उठून म्हणाला, गाडी तयार आहे, कधी जायचं ते सांगा. म्हणाला आणि स्वतःच चकित झाल्यासारखा खाली बसला. मागून एक बाई म्हणाली, कोळसा नाही तर मी शेणी देते शाळेला. तिच्याबद्दल तर मी काही रचलंही नव्हतं!

म्हातारबांनी दोन्ही हात वर केले, तळवे उघडे. झालं. आक्साकालांनी दुआ द्यायला हात उचलले की कोट-टोप्या सावरून सगळे हात वर करतात, आणि त्यानंतर शब्द मागे घेता येत नाही. "मुलांना शाळा मिळो, मास्तरांना भाकर मिळो," एवढंच म्हणाले. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. जिल्ह्याच्या माणसानेही.

सह्या झाल्या तशा. गुलसूनने केली, ज्यांची मुलं अकरावीत त्यांतल्या बऱ्याच जणांनी केली. पण पुरेशा झाल्या नाहीत. त्या माणसाने कागद बॅगेत घातला आणि म्हणाला, वसंताच्या सुट्टीनंतर पगाराचं बोलायला बसू, कुणाला काढणार नाही.

घरी येऊन चहा घेताना अगायांनी गावाचं काही विचारलं नाही. मला वाटलं, दमले.

२२ मार्च

काल नोरुझ, नव्या वर्षाचा सण. कीदिरालीचा माणूस मेंढीची मांडी देऊन गेला. लहानच होती.

आज गुलसून आली. मी सवयीने तुकडा पुढे केला, आणि ती घेईना म्हणून हात मागे घेणार, तेवढ्यात ती म्हणाली, "सगळ्यांची नावं घेतली त्यांनी. माझं नाही घेतलं."

मी तुकडा तसाच पुढे धरला.

"कीदिराली माझा चुलतदीर आहे, एजे. चूल विझू देणार नाही – असलं बोलणं त्याच्या तोंडचं नव्हे. बाईच्या तोंडचं आहे." माझ्याकडे बघत राहिली. "माझ्याबद्दलही काहीतरी सांगायचंस. का नाही सांगितलंस?"

म्हटलं, "तू जे बोललीस ते खरं होतं. त्याच्यावर मला काही चढवता आलं नाही."

तिने तुकडा मोडला, तोंडात घातला, सावकाश खाल्ला. म्हणाली, सही मी केली आहे, परत करायची वेळ आली तर परत करीन. आणि हे कुणाला सांगणार नाही. मग रोजच्यासारखे दोन नान घेतले.

ती सांगणार नाही, पण तिला कळलं आहे. दुसऱ्या कुणाकडून अगायांच्या कानावर जाण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

२४ मार्च

सांगितलं. पीठ मळता मळता, वर न बघता, सगळं – म्हातारबांचं, मायरम्बेकचं, पालथ्या नानचं.

अगाय म्हणाले, "संपाच्या दुसऱ्याच दिवशी कीदिरालीने मला दुकानातून बाहेर काढलं होतं. गिऱ्हाइकांसमोर."

माझे हात पिठातच राहिले. म्हटलं, मग रोज संध्याकाळी मला का विचारत होतात?

"सकाळी फाटकापाशी सगळे मास्तर मला विचारायचे – काय म्हणतंय गाव?"